मामाचं नाक, टाकीचं पोट

माझ्या मामाला आमच्या इमारतीत कुणीही नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्याला 'नाकवाले काका' म्हणतात आणि त्यालाही त्याचा राग येत नाही. दिसायला ते नाक अगदी साधं आहे, किंचित डावीकडे कललेलं, वर चष्म्याचे दोन वळ. पण त्या नाकाने तीस वर्षं पगार घरी आणला. मामा साबणाच्या कारखान्यात वास तपासायला होता. साबणाची प्रत्येक खेप साच्यात ओतण्याआधी तिचा नमुना वाटीतून त्याच्यासमोर यायचा. तो नाक खाली न्यायचा, डोळे मिटायचा आणि 'ओता' किंवा 'थांबा' यांपैकी एक शब्द बोलायचा. तो 'थांबा' म्हणाला की शंभर माणसं थांबायची. घरी त्याचं 'थांबा' कुणीच ऐकत नाही, मामी तर मुळीच नाही.

मी दहा वर्षांची असल्यापासून या दोघांकडे राहते. आता दातांच्या दवाखान्यात फोन उचलायचं काम करते, आणि दिवसभर लोकांचं रडगाणं ऐकून माझी जीभ तिखट झालीय असं मामीचं म्हणणं आहे. ती तिच्यावर गेलीय असं माझं म्हणणं आहे. तेव्हा मी मामाबद्दल गोडगोड लिहीन अशी आशा कुणी धरू नये.

निवृत्त झाल्यावर मामा एक वर्ष खिडकीत बसला. सकाळी बसायचा, जेवायला उठायचा, पुन्हा बसायचा. संध्याकाळी मामीला सांगायचा, "आज मला कुणी काही विचारलं नाही." रोज हेच वाक्य. काम गेलं होतं, पण नाक कुठे जाणार? ते आमच्याच कारभारात खुपसलं जायला लागलं. मी दारात पाऊल टाकलं की, "बाहेर तळलेलं खाऊन आलीस." शेजारीण साखर मागायला आली की, "तुमचं दूध संध्याकाळपर्यंत नासणार, आत्ताच तापवा." दूध खरंच नासलं. शेजारीण पुन्हा साखर मागायला आली नाही. मामाचं खरं ठरलं याचंच तिला वाईट वाटलं असावं.

मग आमच्या आयुष्यात टाकी आली.

इमारतीच्या तळमजल्यावर एक पाळणाघर आहे. अठरा पोरं, त्यांचं दूध, त्यांची लापशी आणि त्यांचा आरडाओरडा, असं सगळं एक बाई एकटीने सांभाळतात. त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं की स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकीत कुजवला की गॅस मिळतो आणि त्यावर शेगडी पेटते. आमचा कचरा फाटकाजवळ दुपारपर्यंत पडलेला असायचा आणि त्यावर मांजरांची रोजची सभा भरायची. बाईंनी माणसांच्या सभेत विषय मांडला आणि सगळ्यांना तो पटला. मागच्या अंगणात एक मोठी काळी टाकी आणि तिच्यात उपडी घातलेली दुसरी टाकी, अशी जोडी बसली. आत कचरा कुजून गॅस झाला की वरची टाकी आपोआप वर उचलली जाते. पाइपने गॅस पाळणाघरात जातो. सगळं छान. फक्त त्या टाकीकडे रोज बघायचं कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले. मामाने हात वर केला.

"जन्मभर गुलाबाचा वास घेतलात आणि आता म्हातारपणी हे?" मामी घरी आल्यावर म्हणाली.

"अगं, गुलाबात काय कळायचंय? ह्यात डोकं लागतं," मामा म्हणाला.

डोकं नाही, नाक लागलं. पहिल्यांदा गवळ्याकडून आठ घमेली शेण आणून पाण्यात कालवून आत घातलं. दुधाला विरजण लावतात तसं. मग वीस दिवस काहीच नाही. मामा रोज सकाळी टाकीला कान लावायचा. एकविसाव्या दिवशी वरची टाकी उचलली गेली, पण काडी लावली तर गॅस पेटेना. पहिला गॅस असाच असतो, तो सोडून द्यायचा, असं मामा म्हणाला आणि सोडून दिला, नेमका मामीच्या वाळत घातलेल्या चादरींच्या दिशेने. महिन्याभराने निळी ज्योत लागली. मामा तीन जिने धावत वर आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "पेटली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मामी म्हणाली, "आधी हात धुवा."

तिने त्या दिवसापासून टाकीचं नाव 'सवत' ठेवलं. चूक मामाचीच. तो टाकीला कधी टाकी म्हणायचाच नाही, 'ती' म्हणायचा. "तिला आज जड झालंय." "तिला बटाट्याची सालं फार आवडतात." "थंडी आहे, तिला कोमट पाणी घालून येतो." जिला एकेचाळीस वर्षांत कुणी कोमट पाणी आणून दिलं नाही, तिने सवत म्हणू नये तर काय म्हणावं?

रोज सकाळी सात वाजता मागच्या अंगणात बादल्यांची रांग लागायची. मामा स्टुलावर बसायचा, हातात एक काठी. प्रत्येक बादलीवर नाक न्यायचं, काठीने ढवळायचं, आणि तोच जुना शब्द: 'ओता' किंवा 'थांबा'. शिळा भात, पाव, भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, सडकी फळं, हे सगळं चालायचं, पण बोटाच्या पेराएवढं बारीक चिरून आणि तेवढंच पाणी घालून. कांद्या-लसणाची सालं जपून, चिमटीने. लिंबू आणि संत्र्याची सालं अजिबात नाहीत, कारण आंबट फार झालं की आतले जंतू संपावर जातात. हाडं, टरफलं, काड्या नाहीत, कारण ते काही कुजता कुजत नाही. आणि खारट काही उरलं असेल तर आधी धुऊन आणायचं. "तिला मीठ सोसत नाही," मामा दहा वेळा सांगायचा. कचरा धुऊन फेकणारी आमची इमारत बहुधा एकटीच असेल.

हे सगळे नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहून लावले होते. अक्षर आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचं. इमारतीतली कुठलीही पाटी अध्यक्षांशिवाय दुसऱ्या कुणी लिहायची नाही असा एक नियम आहे आणि तोही त्यांनीच लिहून लावलेला आहे.

मामाने नुसता कचरा हुंगला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण तो बोलायचा. "काल भांडण झालं वाटतं? दोघांचंही जेवण बादलीत आहे." "पाहुणे गेले का? बरं झालं, चार दिवस तुम्ही फार तेल वापरत होतात." चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर सगळ्यांना सांगत फिरायचे की डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलंय. मामाने त्यांची बादली हुंगली, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओता." तेवढंच. मास्तर दोन दिवस जिन्यात भेटले नाहीत.

तरी लोकांना त्याची सवय झाली. पोरं शाळेत जाताना ओरडायची, "काका, आज कितीवर?" मामाने वरच्या टाकीवर पांढऱ्या रंगाने एक ते दहा रेघा मारल्या होत्या. तो ओरडून सांगायचा, "साडेसहा!" आणि दिवसभर ताठ चालायचा. त्याला रोज कुणीतरी काहीतरी विचारत होतं. खिडकीतली खुर्ची मामीने कपडे ठेवायला घेतली.

आता अध्यक्षांविषयी. अध्यक्ष माणूस वाईट नाहीत, पण त्यांनी गाडी घेतली होती. ती बाहेर झाडाखाली उभी राहायची आणि झाडावरचे पक्षी रोज तिची दखल घ्यायचे. छप्पर घालून गाडी उभी करता येईल अशी जागा एकच होती, मागचं अंगण. म्हणजे टाकी. हे ते कधी बोलले नाहीत, फक्त अंगणात येऊन पावलं टाकत लांबी मोजायचे आणि मामाने पाहिलं की म्हणायचे, "चालणं चांगलं असतं."

थंडीत एक दिवस गॅस कमी पडला. पाळणाघरातल्या पोरांचं दूध अर्धा तास उशिरा तापलं आणि अठरा पोरांनी मिळून जो सूर लावला तो चौकापर्यंत गेला. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी सभा बोलावली. टाकी भरवशाची नाही, ती काढावी आणि जागेचा 'सर्वांच्या सोयीने' उपयोग करावा.

मामा उठून उभा राहिला. तो रागावला की त्याचं नाक आधी लाल होतं, मग कान. दोन्ही लाल होते.

"येत्या रविवारी सकाळी दहा वाजता," तो म्हणाला, "इथे सगळ्यांसमोर ऐंशी कप चहा करतो. एकच शेगडी, फक्त तिचा गॅस. एक कप जरी कच्चा राहिला तर मी स्वतः तिला उचलायला हात लावीन."

"सभेच्या नोंदीत घेतो," अध्यक्ष म्हणाले आणि इतक्या झटकन लिहिलं की त्यांचं पेन आधीच उघडं असणार.

घरी येईपर्यंत मी गप्प बसले. मग म्हणाले, "ऐंशी कशाला? चाळीस म्हणाला असतास तर काय जीभ झडली असती?"

"ऐंशी माणसं राहतात इथे," मामा म्हणाला. "चाळिसांनी नुसतं बघायचं का?"

मामीने खिडकीतल्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता. ती जाऊन उगाचच त्या गठ्ठ्याच्या घड्या नीट करत बसली. सवतीचा तिला कितीही राग असला तरी त्या खुर्चीत तो माणूस पुन्हा बसायला तिला नको होता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला दुसऱ्यांच्या दाढांमधलं बरं कळतं.

सोमवारी मामा शिंकला. मंगळवारी त्याचं नाक चोंदलं. नुसतं चोंदलं नाही, दारं-खिडक्या लावून कुलूप घातल्यासारखं बंद झालं. साठीतला माणूस टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेत बसला, पण काही उपयोग नाही. "काही हरकत नाही," तो गेंगाण्या आवाजात म्हणाला. "तिचं प्रमाण मला तोंडपाठ आहे." आणि खरंच, सकाळी सगळ्यांचं मिळून मापून दोन मोठ्या बादल्याच आत घालायचा, त्याहून चमचाभर जास्त नाही. मग औषध घेऊन दुपारी दोन ते चार गाढ झोपायचा.

त्या दोन ते चारमध्ये सगळा घोटाळा झाला.

आमची माणसं चांगली आहेत, आणि चांगल्या माणसांनीच टाकीचं वाटोळं केलं. प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला: काका आजारी, रविवारी टाकीची परीक्षा, बिचारीच्या अंगात ताकद नको का? परीक्षेला निघालेल्या पोराला घरातलं प्रत्येक माणूस 'एवढं खाऊन जा' म्हणत काहीतरी भरवतं ना, तसं. आणि मास्तर, शेजारीण, दुसऱ्या मजल्यावरचे नवराबायको, यांतल्या प्रत्येकाला वाटलं की हे फक्त आपल्यालाच सुचलंय. दुपारी दोनच्या पुढे एकेक जण पिशवी पदराआड किंवा वर्तमानपत्राखाली धरून मागच्या अंगणात जायचा, झाकण उघडून आत ओतायचा आणि हात झटकत, काहीच न केल्यासारखा परत यायचा. हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की वरची टाकी भराभर वर चाललीय. रविवारसाठी गॅस साठावा म्हणून पाळणाघराच्या बाई तेवढे दिवस विकतच्या गॅसवर दूध तापवत होत्या.

"साडेसात!" मामा बुधवारी म्हणाला. गुरुवारी आठ, शुक्रवारी नऊ. "बघितलंस? ती ऐनवेळी दगा देणारी नाही."

शनिवारी मी दवाखान्यातून लवकर आले तर मोरीत मोठं पातेलं भिजत पडलेलं. ते पातेलं वीस माणसं जेवायला असली तरच माळ्यावरून खाली येतं.

"हे कशाला काढलंस?" मी मामीला विचारलं.

"धूळ बसली होती," मामी माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी त्यावर विश्वास ठेवला. माझ्यासारख्या तिखट जिभेच्या बाईचं डोकं इतकं साधं असेल असं कुणाला वाटणार नाही.

रविवारी सकाळी टाकी दहावर होती. शेवटच्या रेघेला टेकलेली, म्हणजे आता उडून जाते की काय असं वाटावं. सगळी इमारत अंगणात जमली होती, प्रत्येकाच्या हातात आपापला कप. शेगडी पाळणाघरातून बाहेर आणून स्टुलावर ठेवली होती. पाळणाघराच्या बाईंनी चहाचं आधण मांडलं. अध्यक्ष हातात घड्याळ घेऊन उभे होते आणि दहावर पोचलेल्या टाकीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला होता. मामाने नवा सदरा घातला होता. नाक अजून बंदच होतं.

दहा वाजले. मामाने कळ फिरवली, काडी ओढली, शेगडीजवळ नेली. 'फुस्' झालं आणि काडी विझली.

दुसरी काडी. फुस्.

तिसरी काडी मास्तरांनी स्वतः लावली. तीही विझली. गॅस भरभरून येत होता, पेटणारा नव्हता. कुणीतरी म्हणालं, "अहो पण टाकी तर दहावर आहे!" अध्यक्षांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. त्यांची नजर अंगणाची लांबी मोजायला लागली.

मामा वाकून शेगडीजवळ नाक नेऊन उभा राहिला. एकदम त्याचा चेहरा वाकडा झाला, तोंड उघडलं, डोळे मिटले, आणि तो शिंकला. ती शिंक मी शब्दांत सांगू शकत नाही. चारही मजल्यांवरची कबुतरं उडाली आणि पाळणाघराच्या बाईंच्या हातून चहाची पूड सांडली. शिंक संपली तेव्हा मामा ताठ उभा होता आणि त्याचं नाक उघडलं होतं.

त्याने एक श्वास घेतला. मग दुसरा, लांब. "आंबलीय," तो म्हणाला. "कुणी घातलं हिला खायला?"

 ऐंशी माणसं आपापल्या कपात बघत होती.

मामा टाकीच्या मागे गेला. तिथून आतलं काळं पाणी थोडंथोडं बाहेर पडतं. त्याने काठीने थोडं वर काढलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. कारखान्यात शंभर माणसं कशी थांबत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

"पाव," तो म्हणाला. "शिळे, गोड पाव. दोन डझन तरी." मास्तर खोकले.

"उकडलेले बटाटे. सालासकट, कुणीतरी मुद्दाम उकडलेत." शेजारीण पुटपुटली, "कच्चे पचले नसते म्हणून..."

"केळी, अख्खी. दूध घातलेला गव्हाचा सांजा." दुसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोंनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनी एकमेकांना न सांगता घातलं होतं. "अरे, पोट आहे की पोतं? सहा महिने मी तिला दोन बादल्यांवर ठेवलंय आणि तुम्ही चार दिवसांत पंगत घातलीत? नुसती फुगलीय ती. फुगणं म्हणजे ताकद नव्हे!"

मग त्याने काठी पुन्हा हुंगली आणि आवाज खाली आणला.

"आणि संत्र्याची सालं. तीनेक डझनांची. या इमारतीत इतकी संत्री एकाच घरी येतात."

ऐंशी मानांनी अध्यक्षांकडे वळायला वेळ घेतला नाही.

"मी... मदत म्हणून," अध्यक्ष म्हणाले. "सगळेच घालत होते. मला नियम माहीत नव्हता."

 सगळ्यांनी फक्त भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. लाल, ठळक, वळणदार अक्षर: 'संत्र्याची सालं टाकू नयेत.' खाली सही.

इथे मामा जिंकला होता. अजून एक श्वास घेऊन तो काठी खाली ठेवणार, इतक्यात थबकला. पुन्हा हुंगलं. सगळ्यात खालचा, सगळ्यात जड वास असावा. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी तो चक्रावला, मग त्याने मान वळवून मामीकडे पाहिलं. मामी पदराचा शेव बोटाला गुंडाळत होती. मला मोरीतलं पातेलं आठवलं.

"आणि भात," मामा म्हणाला. "पातेलंभर. सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच झालंय." तो थांबला. "तो मी घातला."

"तुम्ही?" पाळणाघराच्या बाई म्हणाल्या.

"मीच. नाक बंद होतं, अंदाज चुकला. घाई झाली मला." तो खाली बघून बोलत होता. तिन्हीत्रिकाळ ज्याने लोकांना अर्ध्या वाटीवरून फैलावर घेतलं, तो माणूस सगळ्या इमारतीसमोर म्हणत होता की मी हावरटासारखं पातेलं ओतलं. कुणीतरी हसलं. मास्तर म्हणाले, "वा काका, आम्हाला सांगता आणि स्वतः?" मामाचं नाक लाल झालं नाही. फक्त कान झाले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. मामी पुढे यायला निघाली होती, पण मामाने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. 'थांबा' असंच म्हणाला तो, न बोलता. आणि आयुष्यात पहिल्यांदा मामी थांबली.

अध्यक्षांना संत्र्यांवरून विषय हलवायचा होता, त्यामुळे त्यांनी स्वतःच पंधरा दिवसांची मुदत दिली. "मात्र सांभाळणाराच चुकतो म्हटल्यावर ही शेवटची संधी," तेही त्यांनी नोंदीत घेतलं. ऐंशी माणसं रिकामे कप घेऊन घरी गेली.

पुढचे पंधरा दिवस टाकीला उपास. मामाने झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. आतलं आंबलेलं पाणी बादल्या बादल्या काढलं, चुन्याची निवळी थोडी थोडी घातली, गवळ्याकडून पुन्हा शेण आणलं. दुपारची झोप बंद. दोन ते चार तो टाकीशेजारी स्टुलावर बसायचा आणि तरीही तीनदा त्याने माणसांना पिशव्यांसकट परत पाठवलं. पाळणाघराच्या बाई विकतच्या गॅसवर दूध तापवत होत्या आणि काही बोलत नव्हत्या, त्याचा मामाला जास्त त्रास व्हायचा. रात्री जेवताना तो नेहमीसारखे तीन तांबे पाणी प्यायचा आणि गप्प असायचा. मामी वाढायची आणि तीही गप्प. मी दोघांच्या मध्ये बसून भात गिळायचे.

अकराव्या दिवशी मामाने आतलं पाणी हुंगलं आणि पहिल्यांदा म्हणाला, "गोड व्हायला लागलीय." बाराव्या दिवशी अर्धी बादली दिली, चौदाव्या दिवशी एक. रविवारी टाकी फक्त साडेपाचवर होती. अध्यक्षांना ते पाहून बरं वाटलं.

मामाने काडी लावली. भक् झालं आणि निळी ज्योत उभी राहिली, शांत, बोटभर उंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे श्वास धरून होते. वीस कप झाले. चाळीस झाले. साठाव्या कपाला ज्योत जरा खाली बसली, तशी शेजारणीने हातातल्या बटाट्याकडे बघितलं आणि मी तिचा हात घट्ट धरला. ऐंशीवा कप मामाने अध्यक्षांच्या हातात दिला. अध्यक्षांनी फुंकर मारली, घोट घेतला आणि तोंड भाजल्यामुळे त्यांना 'कच्चा आहे' म्हणता आलं नाही. टाकी राहिली. गाडी अजून झाडाखालीच आहे.

सगळे पांगल्यावर अंगणात आम्ही तिघंच उरलो. मामा स्टुलावर बसला होता, दमलेला आणि इतका खूश की त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं होतं. मामी कप गोळा करता करता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"खरं सांगा. भात माझा होता हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"हं."

"कशावरून? भात तर घरोघरी शिजतो."

"मीठ," मामा म्हणाला.

"मिठाचं काय?"

"नुसत्या भाताने ती एवढी आजारी पडली नसती. मीठ जास्त होतं. नेहमीसारखं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं.

"नेहमीसारखं म्हणजे?" मामीने कप खाली ठेवले. "म्हणजे रोज? एकेचाळीस वर्षं?"

मला ते तीन तांबे पाणी आठवलं. मी दहा वर्षांची असल्यापासून तो भात खातेय आणि मला वाटायचं की भात असाच असतो. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं ऐकून होते, पण एवढं मीठ खाऊन जागलेला हा एकच.

"एकदा तरी बोलायचं होतंत! त्या सवतीच्या बादलीत चिमूटभर खारट आलं तर सगळी इमारत डोक्यावर घेता, आणि मला...?"

"तिला मीठ सोसत नाही," मामा म्हणाला. "मला सोसतं."

मामीने कप उचलले आणि वर निघून गेली. जिन्यात तिने दोनदा नाक पुसल्याचं मी ऐकलं, आणि तिला काही सर्दी नव्हती.

त्या रात्री भातात मिठाचा कणही नव्हता. मामा एक अक्षर न बोलता जेवला. दुसऱ्या दिवशीही तसाच भात, तसाच मामा. तिसऱ्या दिवशी मामी तांदूळ धूत होती तेव्हा तो स्वयंपाकघरात आला, मिठाची बरणी काढून तिच्यासमोर ठेवली आणि उभा राहिला.

"किती घालू?" मामीने विचारलं.

"नेहमीसारखं," मामा म्हणाला आणि पाण्याचा तांब्या भरून पाटाजवळ ठेवला.